फडक्यावर राहिलेला जीव

खानदेशात शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडी काचेच्या ग्लासात घ्यावं आणि उजेडासमोर धरावं. नीट पाहिलं तर त्यात पांढुरके ठिपके दिसतात. ते तरंगत नाहीत, झटके देत उडतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा उडतात. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथांमधल्या एकडोळ्या राक्षसाचं नाव त्याला मिळालं : सायक्लॉप्स. मादी ओळखायला सोपी, तिच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात. ज्या मोठ्या कुळातला हा जीव, त्या कुळाला कोपेपॉड म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वल्ह्यासारख्या पायांचा.

आज खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाळणारे हौशी लोक याच कुळातले समुद्री जीव घरी बरण्यांमध्ये मुद्दाम वाढवतात. महाराष्ट्रात मात्र या कुळाशी माणसाची खरी ओळख झाली ती वैरातून, आणि त्या वैराचं नाव नारू.

नारू या कृमीची मादी बारीक दोऱ्यासारखी असते, वाढून जवळपास मीटरभर लांब होते. दूषित पाणी पोटात गेल्यावर साधारण वर्षभराने ती बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर यायला लागते. त्या जागी आगआग होते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात सोडतो आणि नेमकी त्याच वेळी ती आपल्या हजारो अळ्या पाण्यात सोडते. अळ्या सायक्लॉप्स गिळतो. दोनेक आठवड्यांत त्याच्या अंगात त्या तयार होतात. मग कुणीतरी त्याच विहिरीचं पाणी पितं. औषध नव्हतं. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. घाईत तुटलं तर जखम चिघळायची. शेतकऱ्याचे ऐन हंगामातले कित्येक आठवडे खाटेवर जायचे. आयुर्वेदाने या दुखण्याला स्नायुक म्हटलं होतं. रोगी ओळखता येत होता, रोगाची वाट कुणाला ठाऊक नव्हती.

ती वाट १८७० च्या सुमारास अलेक्सेई फेडचेन्को या रशियन निसर्गअभ्यासकाला मध्य आशियातल्या तुर्कस्तानात सापडली. अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरतात हे त्याने पाहिलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. डी. ए. तुरखुड यांनी नारूवर संशोधन केलं. असं संशोधन करायचं तर सायक्लॉप्स काचेच्या भांड्यात जिवंत ठेवणं भागच. आपल्याकडे कोपेपॉड सांभाळण्याचा आरंभ शोधायचा झाला तर तो माशांच्या दुकानात नाही, असल्या प्रयोगशाळांत आहे.

१९३० च्या दशकात कुर्डुवाडीला एक विलक्षण माणूस होता. क्नुट लिंडबर्ग, मूळचा स्वीडनचा डॉक्टर, बार्शी लाइट रेल्वेचा वैद्यकीय अधिकारी. नोकरी रुग्ण तपासण्याची, पण नारूचा मागोवा घेता घेता तो दख्खनच्या विहिरींत उतरला आणि तिथेच रमला. विहिरीविहिरींतून पाण्याचे नमुने घ्यायचे, सायक्लॉप्सच्या जाती वेगळ्या करायच्या, पायांवरचे काटे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. रोगाचा वाहक शोधायला निघालेला हा डॉक्टर अखेरीस त्या जिवांचाच जगभर मान्यता पावलेला जाणकार झाला. आपल्या विहिरींकडे इतक्या मायेने पाहणाऱ्या माणसाचं नाव सोलापूर जिल्ह्याबाहेरही माहीत असायला हवं.

त्याच काळात म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती आणि डब्ल्यू. सी. स्वीट यांनी वेगळा उपाय करून पाहिला : विहिरीत लहान मासे सोडायचे. मासे सायक्लॉप्स खातात, साखळी तुटते. १९३६ साली त्यांनी तो प्रसिद्धही केला. आजच्या मत्स्यपालकाला यात नवल वाटणार नाही. कोपेपॉड हे लहान माशाचं आवडतं खाद्य, एवढीच गोष्ट त्यांनी माणसाच्या कामी लावली होती.

नारूचा शेवट मात्र माशांनी केला नाही, गवंड्याने आणि फडक्याने केला. ज्या बारवेत पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय घालतो ती धोक्याची. जिथून पोहऱ्याने पाणी शेंदायचं ती विहीर सुरक्षित. म्हणून पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या गेल्या, कठडे बांधले गेले, हातपंप बसले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं गेलं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला जवळपास ४० हजार रुग्ण सापडत होते आणि महाराष्ट्र बाधित राज्यांपैकी एक होता. घराघरांत एकच सांगणं होतं : दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी पिऊ नका. सायक्लॉप्स फडक्यावर राहतो, पाणी हंड्यात जातं. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. विहिरीतला सायक्लॉप्स आजही आहे, पण आता त्याच्या अंगात नारू नाही.

आता बरणीकडे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत अंड्यातून नुकतं निघालेलं क्लाउनफिशसारखं पिल्लू फार लहान तोंडाचं असतं. त्याहूनही इवल्या तोंडाची पिल्लं असलेले समुद्री मासे पुष्कळ आहेत. आर्टेमियाची, म्हणजे खारट सरोवरांतल्या कोळंबीसारख्या जिवाची, अंडी डब्यात विकत मिळतात, पण तिची पिल्लं जवळपास अर्ध्या मिलिमीटरची. काही कोपेपॉडांची पिल्लं दशांश मिलिमीटरहूनही लहान. शिवाय माशाच्या मेंदू-डोळ्यांच्या वाढीला लागणारी मेदाम्लं त्यांच्यात भरपूर असतात, आर्टेमियात ती वरून घालावी लागतात. मँडरिन मासा तर दिवसभर दगडांवरचे असले जीव टिपत हिंडतो, कोरड्या खाद्याकडे सहसा वळत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळमधील विळिंजम केंद्राने म्हणूनच समुद्री कोपेपॉड वाढवण्यावर काम केलं.

शिरपूर समुद्रापासून दूर आहे. तापी इथून पुढे सुरतेपर्यंत वाहते आणि मग कुठे खाऱ्या पाण्याला भेटते. विहिरीतला गोड्या पाण्याचा सायक्लॉप्स मिठाच्या पाण्यात तग धरत नाही, त्यामुळे बियाणं विकतच आणावं लागतं. टिस्बे किंवा टिग्रिओपस हे प्रकार त्यातले चिवट. मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ मोजून विरघळवायचं, पाण्याला हलकीशी हवा द्यायची, खाद्य म्हणून हिरव्या सूक्ष्म शैवालाचं पाणी इतकंच घालायचं की रंग फिका राहील. जास्त झालं की तळाशी कुजतं आणि सगळी बरणी जाते. खानदेशात खरी कसोटी मे महिन्यात लागते. पारा ४४-४५ अंशांवर जातो, पाणी झपाट्याने आटतं. वाफ होऊन उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. खारटपणा वाढत जातो. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, मिठाच्या नव्हे. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते.

काढणीच्या दिवशी बरणीतलं थोडं पाणी बारीक नायलॉनच्या कापडातून ओततात. लहान पिल्लं पाण्याबरोबर खाली जातात, ती नव्या बरणीत वाढीला ठेवायची. मोठे जीव कापडावर राहतात. पूर्वी पाणी गाळून झाल्यावर फडकं झटकून टाकत. इथे ते कापड उलटं करून टाकीच्या पाण्यात हलकेच बुडवतात, आणि मासे आधीच कोपऱ्यात जमलेले असतात.