सदतीस शब्दांचा कायदा

आज आम्ही तुम्हाला एका कायद्याची गोष्ट सांगणार आहोत. कायदा आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. मूळ इंग्रजीत मोजून सदतीस शब्दांचा. त्यानं तिथल्या कॉलेजांतल्या मुलींना मैदान मिळवून दिलं, आणि गंमत अशी की त्या सदतीस शब्दांत ‘खेळ’ हा शब्द कुठेच नाही.

आधी त्याच्या अगोदरचं थोडं ऐका. बास्केटबॉल अमेरिकेत जन्मला तो १८९१ साली. पुढच्याच वर्षी स्मिथ या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवला, पण नियम बदलून. मैदानाचे तीन भाग पाडले आणि जिनं तिनं आपापल्या भागातच राहायचं. जास्त धावलं तर बाईच्या जातीला सोसणार नाही, अशी तेव्हाची समजूत! पुढे तीनाचे दोन भाग झाले, तरी मधली रेघ राहिलीच. कॉलेजांतून ती गेली १९७१च्या सुमारास. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये तर मुली १९९३ पर्यंत अर्ध्या मैदानाचाच खेळ खेळत होत्या.

पैशांचं तर विचारूच नका. डोना डी व्हरोना या मुलीनं १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पोहण्यात दोन सुवर्णपदकं जिंकली. वय सतरा. तिच्याबरोबरीच्या मुलांना खेळावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. मुलींसाठी तशी सोयच नव्हती. तिची स्पर्धेतली पोहण्याची कारकीर्द तिथेच संपली. १९७२च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाजवळचं इमॅक्युलाटा हे जोगिणींनी चालवलेलं लहानसं कॉलेज मुलींच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला निघालं, तर जायला भाडं नव्हतं. मुलींनी दात घासायचे ब्रश विकून पैसे उभे केले. तेही पुरेनात, म्हणून संघातल्या आठच जणी गेल्या. आणि जिंकून आल्या!

त्याच साली जूनच्या २३ तारखेला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात, म्हणजे शिक्षणाच्या मोठ्या कायद्यातलं नववं प्रकरण. सांगणं एवढंच, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही बाई किंवा पुरुष म्हणून वगळायचं नाही, लाभ नाकारायचा नाही, भेदभाव करायचा नाही. तो आणण्यामागे ज्या बाया होत्या त्यांच्या डोळ्यांपुढे खेळ नव्हतेच. बर्नीस सँडलर यांना मेरीलँड विद्यापीठात कायमची नोकरी नाकारली होती. बाईमाणसाच्या मानानं तुम्ही जरा जास्तच जोरकस आहात, असं एका सहकाऱ्यानं त्यांना ऐकवलं होतं. हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांना डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय कॉलेजांनी एकामागून एक दारं लावली, म्हणून त्या वकील झाल्या. ओरेगनच्या खासदार एडिथ ग्रीन यांनी १९७० साली संसदेत या प्रश्नावर सुनावण्या लावल्या. दुखणं होतं प्रवेशांचं आणि नोकऱ्यांचं.

खेळवाले जागे झाले ते नंतर. ‘प्रकरण’ आपल्या मैदानापर्यंत येतंय हे कळल्यावर धावपळ उडाली. टेक्ससचे सिनेटर टॉवर यांनी १९७४ साली सुचवलं की ज्या खेळातून कमाई होते तो कायद्यातून वगळावा. कमाईचा खेळ म्हणजे मुख्यतः मुलांचा फुटबॉल, तोही अमेरिकन पद्धतीचा. ते काही मंजूर झालं नाही. १९७५ मध्ये नियमावली आली आणि कॉलेजांना तीन वर्षांची मुदत मिळाली.

मुदत मिळाली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. येल या नामांकित विद्यापीठाचीच गोष्ट घ्या. मुला-मुलींचे वल्हवण्याचे संघ एकाच नदीवर, एकाच थंडीत सराव करायचे. बोटघरात मुलांसाठी गरम पाण्याच्या अंघोळीची सोय होती, मुलींसाठी नव्हती. मुलांच्या अंघोळी होईपर्यंत मुली ओल्या कपड्यांनी बसमध्ये कुडकुडत बसायच्या. आजारपणं सुरू झाली. अर्ज करून झाले, आश्वासनं मिळाली. शेवटी ३ मार्च १९७६ला कप्तान क्रिस अर्न्स्ट एकोणीस जणींना घेऊन मुलींच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या अधिकारी बाईंच्या कचेरीत शिरली. सगळ्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. छातीवर, पाठीवर रंगवलेलं होतं ‘टायटल नाइन’. तशाच उभ्या राहून क्रिसनं निवेदन वाचलं: ज्या शरीरांचं येल शोषण करतंय, ती ही शरीरं. बरोबर न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार होता, फोटो काढणारं माणूसही होतं. दुसऱ्या दिवशी देशभर बोभाटा झाला, आणि पुढच्या वर्षापर्यंत मुलींसाठी बांधकाम झालंसुद्धा. त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांच्या वल्हवण्याचा पहिल्यांदा समावेश झाला, आणि त्या एकोणीस जणींतली अ‍ॅन वॉर्नर कांस्यपदक घेऊन आली.

हे वाचताना आमच्या गटात बराच वेळ शांतता होती. मग एकीनं सांगितलं, शाळेत खो-खोच्या सामन्यांना कपडे बदलायला आडोसा नसायचा, म्हणून ती सलवारीवरच खेळायची आणि पडायची. गुडघ्यावरची खूणही दाखवली. रेडिओवर खूण दिसत नाही, पण आहे.

पुढची वाट सरळ नव्हती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, ज्या विभागाला सरकारी पैसा मिळतो तेवढ्यापुरताच कायदा लागू. म्हणजे खेळ-विभाग सुटला. संसदेनं नवा कायदा करून ही पळवाट बुजवली ती १९८८ साली, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला असतानाही.

मग ब्राउन विद्यापीठाचा खटला. १९९१ मध्ये पैसे वाचवायला त्यांनी मुलींच्या दोन संघांचा विद्यापीठाकडून मिळणारा पैसा बंद केला, जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांच्याही दोन संघांचा. दिसायला बरोबरी! पण विद्यार्थ्यांत मुली निम्म्या असताना खेळाडूंत त्या चाळीस टक्क्यांहून कमी होत्या. मुली कोर्टात गेल्या. विद्यापीठाचं म्हणणं होतं, मुलींना खेळात मुळी रसच कमी. त्यावर १९९६ साली न्यायालयानं सांगितलं की आवड हवेतून येत नाही, संधी आणि सरावातून वाढते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. कायद्याआधी शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज तीस लाखांवर आहेत. कॉलेजांत तेव्हा सुमारे तीस हजार, आता दोन लाखांच्या पुढे. आवड नव्हती तर एवढ्या आल्या कुठून?

हातचं गेलं तेही सांगायला हवं. मुलींच्या स्पर्धा पूर्वी बायकांचीच संघटना भरवायची. १९८१-८२ मध्ये पुरुषांच्या मोठ्या संघटनेनं, एनसीएएनं, मुलींच्या स्पर्धा सुरू केल्या आणि बायकांची संघटना बंद पडली. १९७२ साली मुलींच्या दहातल्या नऊ संघांना शिकवणारी बाई होती. पैसा आला, मान आला, आणि त्या जागांवर पुरुष आले. आज बाया निम्म्याहूनही कमी आहेत. कुस्तीसारखे मुलांचे संघ कॉलेजांनी बंद केले, त्याचं खापर मुलींवर फोडलं गेलं. फुटबॉलच्या खर्चाकडे मात्र फारसं कुणी बोट दाखवलं नाही.

आणि ही एनसीएए? १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कॉलेजांकडून नुसती वर्गणी घेते म्हणून तिला हा कायदा लागू होत नाही. २०२१च्या मार्चमध्ये तिच्याच बास्केटबॉल स्पर्धेत मुलांसाठी अख्खी व्यायामशाळा होती. मुलींसाठी डंबेल्सचा एक लहानसा रॅक. एका खेळाडूनं मोबाइलवर ते चित्रण करून जगाला दाखवलं. दोन-तीन दिवसांत सामान आलं. त्या स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे प्रसिद्ध नाव तोवर फक्त मुलांच्या सामन्यांसाठी वापरलं जाई. मुलींना ते मिळालं २०२२ साली, कायद्याच्या पन्नासाव्या वर्षी.