दिसणे आणि सापडणे : सकळ लिपीपासून शोधयंत्रापर्यंत

आजचा धागा लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

आंतरजालावर नव्याने मराठी लिहू लागलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो : 'एसईओ शिका.' म्हणजे आपला लेख गूगलसारख्या शोधयंत्राला सापडेल आणि यादीत वर दिसेल अशा रीतीने लिहा. सल्ला योग्यच आहे. परंतु त्यासोबत जी सूत्रे पढवली जातात ती बहुधा इंग्रजीच्या मापाने बेतलेली असतात. मराठी मजकूर सापडण्याच्या वाटेतले अडथळे निराळे आहेत, आणि त्यांना साडेसहाशे वर्षांचा इतिहास आहे.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. बीड तालुक्यातील चौसाळा. सोलापूर-धुळे महामार्गावर, मांजरसुंब्याच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या मुलखातले हे बाजाराचे गाव. समजा, येथील एखाद्या विद्यार्थिनीने गावाच्या इतिहासावर लेख लिहिला आणि त्याला शीर्षक दिले 'आमच्या चौसाळ्यात'. मराठी म्हणून शीर्षक निर्दोष आहे. वाचक मात्र शोधताना लिहितो 'चौसाळा'. यंत्राच्या लेखी हा सहा चिन्हांचा शब्द : च, औकार, स, आकार, ळ, आकार. 'चौसाळ्यात' हा शब्द नऊ चिन्हांचा. पहिली पाच चिन्हे सारखी, सहाव्या जागी वाटा फुटतात : एकीकडे आकार, दुसरीकडे हलन्त. अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या साध्या यंत्रासाठी हे दोन वेगळे शब्द झाले.

इंग्रजीत गावाचे नाव आपल्या जागी अभंग राहते, त्याच्या आधी एक छोटा शब्द येऊन बसतो. मराठीत नावाचेच सामान्यरूप होते आणि प्रत्यय त्याला चिकटतो. गूगलसारखी मोठी यंत्रे आता हे नाते बऱ्याच अंशी ओळखतात. एखाद्या लहान संकेतस्थळाच्या आतली शोधाची चौकट मात्र बहुधा ओळखत नाही. म्हणून मराठी लेखकाला पहिला सल्ला व्याकरणाचा द्यावा लागतो : ज्याविषयी लिहीत आहात त्याचे नाव शीर्षकात निदान एकदा प्रथमा विभक्तीत येऊ द्या. 'चौसाळा : आमच्या गावाच्या जुन्या खुणा' हे शीर्षक वाचकालाही कळते आणि यंत्रालाही. शिवाय याच नावाची इतर गावे महाराष्ट्रात आहेत, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात तालुका आणि जिल्हा नोंदवावा. जुने लोक पत्राच्या पत्त्यावर 'मु. पो., ता., जि.' लिहीत ते उगाच नव्हे.

आता मागे जाऊ, थेट चौदाव्या शतकात.

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त संकलित केल्या त्या तेराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे महानुभाव पंथात या ग्रंथांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची प्रथा पडली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी; तिचे कर्तृत्व परंपरेने रवळोबासांकडे जाते. सुंदरी लिपी, अंकलिपी अशा तिच्या इतर बहिणीही होत्या. युक्ती साधी होती : एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह. किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याला पोथी खडखडीत वाचता यावी आणि इतरांना समोर ठेवली तरी एक ओळ लागू नये. ग्रंथांचे पावित्र्य जपणे हा यामागचा हेतू होता असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हेतू सफल झाला, जरा अधिकच सफल झाला. महानुभावांचे मठ विदर्भ-मराठवाड्यापासून पंजाबपर्यंत पसरले, पोथ्या जपून ठेवल्या गेल्या, नकला होत राहिल्या. आणि तरीही मराठीतील आद्य गद्याचा हा सारा खजिना पंथाबाहेरच्या वाचकांच्या दृष्टीने जवळजवळ नव्हताच. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या हाती किल्ली आली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे सातशे वर्षांचा ग्रंथ, आणि त्याची ती संपादित आवृत्ती अनेक वाचकांच्या आई-वडिलांच्या तरुणपणातली.

त्या काळी मजकूर शोधणे म्हणजे पायपीट. याच राजवाड्यांना बीड परिसरातील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. उरले ते छापील रूप. पुढच्या पिढीत शंकर गणेश दाते यांनी मराठीत छापलेल्या पुस्तकांची नोंद करण्याचे काम अंगावर घेतले. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये निघाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. पुस्तक कुठे आहे, कोणाचे आहे, कोणत्या विषयाचे आहे हे एका जागी सांगणारा हा माणूस माझ्या मते मराठीचे पहिले शोधयंत्र आहे. त्यांच्या नावाचा चौक कुठे असल्यास अवश्य कळवावे.

आता थेट १९९० च्या दशकात येऊ, कारण सकळ लिपीचा दुसरा जन्म तेव्हा झाला, आणि या वेळी तो कोणाच्याही मनात नसताना झाला.

संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी तेव्हा बहुतेकांनी जवळचा मार्ग धरला. यंत्रात साठवायची ती रोमन अक्षरेच. फक्त त्यांना देवनागरी आकारांचा मुखवटा चढवायचा. हा मुखवटा म्हणजे फॉन्ट. कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर 'भारत' दिसे, तेव्हा यंत्राच्या पोटात प्रत्यक्षात 'एच, के, के, जे, आर' ही पाच रोमन अक्षरे पडलेली असत. शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक कुळाची वाटणी निराळी. एकच शब्द चार फॉन्टांत लिहिला तर यंत्राजवळ चार निरनिराळे निरर्थक शब्द जमा होत. फॉन्ट हीच किल्ली. ती नसेल तर पडद्यावर नुसता कचरा.

अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू केली, पाठोपाठ वृत्तपत्रेही आंतरजालावर आली. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग बातमी वाचायची, असा तो काळ. पुढे मायक्रोसॉफ्टने पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय केली, पण ती इंटरनेट एक्सप्लोररपुरती. मानवी डोळ्याला सारे छान दिसू लागले आणि त्यामुळेच खरा दोष झाकला गेला. शोधयंत्र डोळ्यांनी वाचत नाही. ते पोटातली अक्षरे वाचते. अल्टाव्हिस्टा १९९५ मध्ये आणि गूगल १९९८ मध्ये सुरू झाले, जगभरच्या पानांची सूची होऊ लागली, तेव्हा मराठी पाने त्या सूचीत 'एच-के-के-जे-आर' अशा रूपाने गेली. कित्येक वर्षांच्या बातम्या, अग्रलेख, कथा लिहिल्या गेल्या, वाचल्या गेल्या, आणि मराठी शब्द घालून शोधणाऱ्याला त्यांतली एकही ओळ मिळेना. रवळोबासांनी हे निदान ठरवून केले होते.

किल्ली खरे तर तयार होती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत 'इस्की'च्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला. त्यात 'ळ'ला स्वतःची जागा होती, म्हणजे चौसाळ्याचा ळ जगातल्या कोणत्याही यंत्रात ळच राहणार होता. तथापि मानक असणे आणि घरातल्या संगणकात ते चालणे यांत दशकाचे अंतर पडले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्ये ती आपण होऊन सुरू नसे, सीडी घालून चालू करावी लागे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्येच. तो मजकूर आज शोधला की मिळतो, कारण तो पहिल्या दिवसापासून किल्लीसकट लिहिलेला आहे. त्याच सुमारास 'पद्म' नावाची एक जोडणी फायरफॉक्ससाठी निघाली. जुन्या फॉन्टांतील पाने ती युनिकोडमध्ये उलगडून दाखवी. राजवाडे-भाव्यांचे काम ती गुपचूप करत होती, पण ते त्या एका वाचकाच्या पडद्यापुरते.

म्हणून नव्या लेखकाला दुसरा सल्ला : लेख युनिकोडमध्ये लिहा. आज हे सांगणे हास्यास्पद वाटेल, कारण भ्रमणध्वनीवर दुसरे काही लिहिताच येत नाही. पण गावच्या छापखान्यात जुळवलेली स्मरणिका, शताब्दी अंक, जत्रेची पुस्तिका अजूनही बऱ्याचदा जुन्याच फॉन्टांत असते. ती तशीच उचलून आंतरजालावर ठेवली की सकळ लिपीची आणखी एक पोथी तयार होते. आधी रूपांतर करावे, मग जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. रूपांतरात तेच हमखास मोडतात.

युनिकोडमध्येही काही चोरवाटा राहिल्या आहेत, आणि त्या मला फार मजेशीर वाटतात. 'ॲप' शब्दातले पहिले अक्षर घ्या. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवीत, किंवा हिंदीच्या वळणाचा ऍ वापरीत. अ-वर-चंद्र आणि ॲ पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी त्यांचे नाते नाही. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, तोही असाच. अशा शब्दांचे आपले लेखन एकदा ठरवावे आणि सर्व लेखांत तेच ठेवावे.

शोधयंत्रांच्या स्वतःच्या इतिहासाबद्दल थोडक्यातच सांगतो. प्रारंभीची यंत्रे पानावर शब्द किती वेळा आला हे पाहत आणि पानाच्या अदृश्य भागात लेखकाने दिलेल्या कळशब्दांवर विश्वास ठेवीत. साहजिकच लोकांनी एकच शब्द शंभर वेळा लिहिला, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवला. स्टॅनफर्डमधील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये निराळा मार्ग मांडला : पानाची योग्यता त्याच्याकडे दुसरी कोणती पाने बोट दाखवतात यावरून ठरवावी. अदृश्य कळशब्द आपण क्रम लावताना विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. फेब्रुवारी २०११ च्या 'पांडा' बदलानंतर उथळ, भरताड पानांची घसरण झाली. इतके होऊनही 'कीवर्ड भरा' असे शिकवणारे गुरू भेटतातच. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही, पण एकाच गोष्टीची निरनिराळी नावे लिहिण्यात फार अर्थ आहे. इतिहासाच्या लेखकाला तर ती लिहावीच लागतात. बीडचेच पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'इंपीरियल गॅझेटियर'मध्ये या जिल्ह्याचे रोमन लेखन 'भीर' असे वाचावे लागते. २०११ च्या जनगणनेत ते 'बिड' आहे, ज्याचा इंग्रजी अर्थ लिलावातली बोली. आणि आज सर्वत्र दोन ई घालून लिहितात. मराठीतही गोंधळ आहेच, कारण बीड म्हणजे ओतीव लोखंड. गावाचा तो 'बीडचा', तवा मात्र 'बिडाचा'. हा भेद आजीला कळतो, यंत्राला शिकवावा लागतो. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होते, म्हणून जुन्या कागदांचा शोध घेणारा ते नाव घालून शोधेल. चौसाळ्याचे रोमन लेखन कोणी ए-यू घालून करतो, कोणी ओ-यू घालून. हिंदी वळणाने टंकणारा 'चौसाला' लिहितो. ही रूपे लेखात एका वाक्यात नोंदवावीत, 'जुन्या कागदांत हे नाव असेही आढळते' अशा शब्दांत. वाचकाला ती माहिती मिळते आणि यंत्राला दुवा.

सापडण्यावर माणसांचे किती अवलंबून असते हे मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिले. निजामकाळातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत तहसील, भूमी अभिलेख, शाळा यांच्या दप्तरांतील कागद उलगडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. नोंद सापडली तर दाखल्याची वाट मोकळी, न सापडली तर घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट कागदाविना. त्या आरक्षणाच्या वादात या धाग्यापुरते शिरायचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते हे की जुन्या पानांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या, पण प्रतिमा म्हणजे छायाचित्र. त्यातले पणजोबांचे नाव शोधाच्या चौकटीत लिहून मिळत नाही. पान उघडायचे, मोडी येत असेल तर वाचायचे, पुढचे पान उघडायचे.

येथे नव्या लेखकाला खरे काम आहे. आपल्या घरातला, गावातला एखादा जुना कागद छायाचित्र काढून टाकताना त्याखाली त्याचे वाचन टंकून द्यावे : मोडी असेल तर देवनागरीत, सर्व नावे जशीच्या तशी, आणि शेजारी आजचे रूप. गाव, तालुका, जिल्हा, कागदावरचा फसली किंवा हिजरी सन आणि त्याचा इसवी मेळ. छायाचित्राच्या फाइलीला यंत्राने दिलेल्या आकड्यांऐवजी 'चौसाळा' आणि सन असे नाव. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे, अंदाजाने शब्द घालू नये. पुढे कोणीतरी ते प्रश्नचिन्ह सोडवील. एका पानाला संध्याकाळ जाते.

पुढच्या धाग्यात मोडीतील बाराखडी आणि निजामकालीन कागदांवरची संक्षेपचिन्हे पाहू. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी तोवर निदान त्यांचे वाचन सुरू करावे.