किटी कोण? : ॲन फ्रँकचे वाचन आणि रोजनिशीचा रूपबंध

ॲन फ्रँकच्या रोजनिशीकडे केवळ साक्ष म्हणून पाहण्याची सवय इतकी रुळली आहे की, ही संहिता एका आग्रही, मतांनी भरलेल्या किशोरवयीन वाचकाची आहे, ही गोष्ट समीक्षेच्या हिशेबात क्वचितच धरली जाते. १९५५ च्या अमेरिकी नाट्यरूपांतराने आणि १९५९ च्या चित्रपटाने ती सवय दृढ केली. त्यामुळे या रोजनिशीचा रूपबंध आला कोठून, हा वाङ्मयेतिहासाचा साधा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर डच मुलींच्या कादंबऱ्यांत सापडते. सिसी व्हॅन मार्क्सवेल्ट या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची योप तेर ह्योल ही कादंबरीमाला १९१९ मध्ये सुरू झाली. पहिल्या भागात शाळकरी योप मैत्रिणीला पत्रे लिहिते. वडिलांनी पत्रलेखनावर बंदी घातल्यावर ती रोजनिशीकडे वळते. मैत्रिणींच्या नावांची आद्याक्षरे जुळवून केलेले मंडळ, घरातील कुरबुरी, स्वतःचीच थट्टा करणारा सूर, हा सारा ऐवज ॲनच्या हाती तयार आला. क्लाइमान हे मदतनीस पंधरवड्याला मुलींची पुस्तके आणून देत. १९४२ च्या शरदात तिने या लेखिकेबद्दलचे आपले मत मोकळेपणी नोंदवले आहे : एक विनोदी कादंबरी चार वेळा वाचूनही हसू आवरत नाही, आणि आपल्या मुलांनाही ही पुस्तके आपण वाचायला देऊ. त्याच काळात रोजनिशीतील नोंदी किटी, कॉनी, पॉप, लू यांना लिहिलेल्या पत्रांचे रूप घेतात. ही सर्व नावे योपच्या मंडळातील आहेत. 'किटी' म्हणजे ॲनच्या ओळखीची त्याच नावाची मुलगी, असाही एक तर्क मांडला गेला; पण बाकीच्या नावांचा उलगडा त्याने होत नाही.

दुसरा प्रवाह वडिलांकडून आला. ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस ओटो फ्रँक यांनी गटे आणि शिलर यांची नाटके काढली. रोज संध्याकाळी वाचन करायचे ठरले आणि आरंभ 'डॉन कार्लोस'ने झाला. स्पेनच्या राजाच्या टाचेखालील नेदरलंड्स आणि विचारस्वातंत्र्याची मागणी करणारा पोसा हे या नाटकाचे केंद्र आहे. जर्मन अमलाखालील अ‍ॅमस्टरडॅममध्ये, लपून बसलेल्या जर्मन ज्यू कुटुंबात ते जर्मन भाषेतच वाचले जावे, यातील विसंगती समीक्षकाला भुरळ घालणारी आहे. पण ॲनने तिचा गाजावाजा केलेला नाही. तिचा उत्साह दिसतो तो थिओडोर क्योर्नरच्या हलक्याफुलक्या सुखात्मिकांबद्दल. हा क्योर्नर शिलरच्या स्नेह्याचा मुलगा. 'डॉन कार्लोस'चा बराचसा भाग त्या स्नेह्याच्या आश्रयाने लिहिला गेला होता. अभिजात नाट्याच्या दालनातही या मुलीने आपल्या आवडीची दारे स्वतःच शोधली, आणि ती मार्क्सवेल्टच्या खट्याळपणापासून फार दूर नव्हती.

त्याहून महत्त्वाचा तिचा आणखी एक अभिप्राय आहे. त्याच सुमारास तिला प्रौढांची पुस्तके वाचण्याची मुभा मिळाली. निको व्हॅन सुख्तेलेन यांची एक कादंबरी वाचताना, यात आणि मुलींसाठीच्या पुस्तकांत फारसा फरक दिसत नाही, असे तिने लिहिले. विषय मात्र वेगळा होता : वेश्याव्यवसाय, अपत्यजन्म. तेरा वर्षांच्या वाचकाचा भाबडेपणा म्हणून हे मत बाजूला सारणे सोपे आहे. पण 'बालवाङ्मय' आणि 'वाङ्मय' यांमधील कुंपण विषयाने नव्हे, तर प्रकाशक-पालकांच्या संमतीने उभे राहते, एवढे तिला ठाऊक झालेले दिसते.

२८ मार्च १९४४ रोजी लंडनहून मंत्री बोल्केस्टाइन यांनी युद्धकालीन रोजनिश्या जपण्याचे आवाहन केले. मे महिन्यात ॲनने दोनशेहून अधिक सुट्या कागदांवर पुनर्लेखन आरंभले. या दुसऱ्या संहितेत मैत्रिणींचे मंडळ विसर्जित होते. उरते ती एकटी किटी. मूळ कादंबरीशी असलेले तिचे नाते वाचकाला दिसेनासे होते, पण पत्राचा लडिवाळ, थट्टेखोर सूर मात्र कायम राहतो. उधारीचा रूपबंध आपलासा करण्याची ही कृती लेखकाची आहे. आणि तिच्यामागे दोन वर्षांचे सावध वाचन आहे.

नेमके हेच पुनर्लेखन पुढे रोजनिशी बनावट ठरवू पाहणाऱ्यांच्या हाती शस्त्र म्हणून लागले. अनुयायांनीही मग बचावासाठी निरागस, अकृत्रिम मुलीची प्रतिमा पुढे केली. दोन्ही पक्षांना एकाच गोष्टीची अडचण होती : ती विचारपूर्वक लिहीत होती. १९८६ साली नेदरलंड्सच्या युद्धविषयक दस्तऐवज संस्थेने हस्ताक्षर व कागद यांच्या तपासणीसह मूळ नोंदी, ॲनचे पुनर्लेखन आणि वडिलांनी संपादित केलेली १९४७ ची छापील प्रत एकत्र मांडल्या. तेव्हापासून कॉनी, पॉप आणि लू यांना लिहिलेली पत्रे अभ्यासकांना पुन्हा वाचता येतात.