हाताला बांधलेला दिवा

दिवाळीच्या रात्री पोरे फुलबाजी गरगर फिरवतात तेव्हा अंधारात प्रकाशाचे कडे उमटते, ते तुम्ही पाहिलेच असेल. हात दिसत नाही. हाताची वाट तेवढी दिसते. हीच गोष्ट धरून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी कॅमेऱ्याला हात ‘पाहायला’ शिकवले.

अमेरिकेतले फ्रँक गिलब्रेथ मूळचे गवंडी. वीट बसवताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतात, असे त्यांनी दाखवले होते. १९१३ च्या सुमारास ते आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांनी कामगाराच्या हाताला विजेचा बारीक दिवा बांधला आणि कॅमेरा उघडा ठेवला. काचेवर प्रकाशाची रेघ आली. पण रेघेवरून वाट कळते, वेग कसा कळणार? म्हणून त्यांनी वीज ठरावीक वेळाने तोडली. रेघेचे ठिपके झाले. हात जलद गेला तिथे ठिपके दूरदूर, रेंगाळला तिथे दाट. त्या वाटेचे त्यांनी तारेचे नमुनेही केले. उत्तम वाट एकच, ती सर्वांनी गिरवावी, असा त्यांचा विचार. आपण शाळेत अक्षर गिरवून घेतो ना, तसेच!

पण मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांना वेगळेच आढळले. १९२० नंतरच्या दशकात तिथल्या केंद्रीय श्रम संस्थेत त्यांनी छिन्नीवर हातोडा घालणाऱ्या कामगाराच्या सांध्यांना आणि हातोड्याला दिवे लावले. काम कसलेल्या हाताचे. तरीही कोणतेच दोन घाव एका वाटेने गेले नाहीत! खांदा जरा इकडेतिकडे झाला तर कोपर सांभाळून घेई. हातोड्याचे तोंड मात्र नेमके जागेवर पडे. माझ्या मते गिलब्रेथांच्या तारेला मिळालेले हे सर्वांत चांगले उत्तर.

तो दिवा पुढे खेळण्यात आला. २०१० साली जपानच्या सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन मूव्ह’ काढले: हातात धरायचा दांडा, टोकाला उजळणारा गोळा. गोळाच का, बरे? कारण तो कोणत्याही बाजूने कॅमेऱ्याला जवळजवळ वर्तुळच दिसतो. त्याचे खरे माप यंत्राला ठाऊक असते, त्यामुळे चित्रात वर्तुळ मोठे की लहान यावरून हात किती लांब आहे ते काढता येते. खोलीत लाल पडदा असला तर गोळा निळा होऊ शकतो, म्हणजे घोटाळा नाही. कॅमेरा हे सेकंदाला साठ वेळा पाहतो. तुम्ही हात कसाही न्या. ठरलेली वाट कुणी मागत नाही, यंत्र तुमच्या मागे येते.

मात्र गोळ्याचा गुण तोच त्याचा दोष. मनगट फिरवले तरी गोळा तसाच दिसतो! दांडा कुठे कलला हे कॅमेऱ्याला उमगत नाही. म्हणून दांड्याच्या पोटात कल, गती आणि दिशा ओळखणारी बारीक उपकरणे बसवावी लागली. आणि हात पाठीमागे गेला, गोळा झाकला, की काही क्षण यंत्राला त्यांच्याच भरवशावर राहावे लागते.