फुलराणीचा आवाज आणि आपली बोली

‘कामून’, ‘लई’, ‘करायलाय’ हे शब्द औंढा, कळमनुरी, वसमत किंवा सेनगावच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. पण बातम्या देणाऱ्याने हेच शब्द रेडिओवर वापरले, तर त्याच माणसाच्या कानाला ते खटकतात. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायचे, तर निवेदनाच्या इतिहासात थोडे डोकवावे लागते.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू. १९५० मध्ये संस्थानची रेडिओ केंद्रे केंद्र सरकारकडे आली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढे परभणीलाही आकाशवाणी आली. ज्या पिढीला शाळेत मराठी पुरेशी मिळाली नव्हती, तिच्या कानांवर आता रोज नेटकी मराठी पडू लागली. निवेदक हा तिचा न पाहिलेला मास्तरच झाला.

अशा निवेदकांमध्ये भक्ती बर्वे हे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म १९४८ चा, सांगलीचा. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून त्या पुढे आल्या. आकाशवाणीवर त्यांनी निवेदन केले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे तिथल्या बातम्यांतूनही त्या दिसू लागल्या. स्वच्छ उच्चार, नेमका विराम, ही त्यांची कमाई.

आणि गंमत पाहा, त्यांना अमाप कीर्ती मिळाली ती अशुद्ध बोलणाऱ्या मुलीच्या भूमिकेत! पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मंजुळेला एक भाषापंडित ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो, अशी ही गोष्ट. निवेदिकेच्या गळ्यातून बोली अशी काही उसळली, की प्रेक्षक पंडिताच्या नव्हे, मंजुळेच्या बाजूचे झाले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात भक्तीताई गेल्या. मंजुळा मात्र राहिली.

या नाटकाचे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे. हेच शॉ १९३० नंतर बीबीसीच्या उच्चार ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते! १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला त्याच्या गावाकडच्या ढंगात बातम्या वाचू दिल्या, तेव्हा अनेक श्रोत्यांनीच तक्रारी केल्या. म्हणजे हा सवयीचा पगडा एकट्या मराठवाड्यावर नाही.

बातमी सावंतवाडीपासून सेनगावपर्यंत एकसारखी कळावी, यासाठी प्रमाण मराठी हवीच. पण ती सोय आहे, प्रतिष्ठेचे माप नव्हे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यातले. तिथल्या मुलाने निवेदक होण्यासाठी प्रमाण भाषा जरूर शिकावी. मात्र आईशी बोलताना ‘कामून’ म्हणायची लाज त्याला वाटू नये. एकाच गळ्यात दोन्ही भाषा सुखाने नांदू शकतात, हे भक्ती बर्वे यांनी रंगमंचावर दाखवून दिलेच आहे.