तात्यांची एअर

आमच्या घरात ट्रॅक्टर बंद पडायला एकच कारण असायचं : एअर. ऐन पेरणीत बंद पडला, एअर. उसाची ट्रॉली घेऊन चढाला अडकला, एअर. १९८८ साली आत्याच्या वरातीत, नवरा-नवरी ट्रॉलीत आणि पुढं बँडवाले अशा थाटात मारुतीच्या देवळासमोर ठप्प झाला, तेव्हाही तात्यांनी बोनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच निकाल दिला, "एअर घेतली."

आजीला हे कधीच पटलं नाही. "डिझेल घालाय इसरला आन् एअर म्हनतोय," हे तिनं त्या वरातीत व्याह्यांसमोर म्हटलं आणि पुढं तात्या असेपर्यंत म्हणत राहिली. तात्या म्हणजे तिचा थोरला मुलगा, माझे काका. ते जाऊन चार वर्षं झाली. ट्रॅक्टर तेव्हापासून गोठ्याच्या पडवीत उभा होता. भंगारवाल्यानं त्याचा भाव वजनावर सांगितला, तेव्हा पुण्याहून वडिलांचा फोन आला की देऊन टाका. मी एक स्वस्तातला मीटर पिशवीत टाकून गावी गेले. फार विचार करून गेले असं नाही; वजनावर एवढंच मनाला लागलं.

मिस्त्रीमामांना बोलावणं धाडलं. वय ऐंशीच्या आसपास, ऐकू कमी येतं, पण इंजिनाचं सगळं ऐकू येतं. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक नाही. चालू इंजिनाच्या नोजलची गळती बोटानं चाचपायला गेले होते. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, आणि पुढं बोटच कापावं लागतं. "तवापासनं डोळ्यानं बगतो," म्हणाले.

नवी बॅटरी जोडून मी सेल मारला. इंजिन कण्हत फिरलं, पांढरा धूर ओकलं, अर्धा मिनिट धडधडलं आणि मेलं. मिस्त्रीमामांनी पान्याला हात लावला नाही. खडू मागितला. मडगार्डवर लिहिलं : सेल सुस्त. धूर पांढरा. एक सिलिंडर मुकं. लिफ्टला हिसके. मरतो.

"पाच दुखनी. पाचीला एकदम हात घातला तर कुठलं बरं झालं आन् कुठलं नवं लागलं, कळत न्हाई, पोरी. एक धरायचं, एक सोडायचं. पयली वीज, मग डिझेल."

ही शिस्त ते विहिरींवर शिकले. आमच्या भागात डिझेल आधी विहिरीवर आलं, शेतात नंतर. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोटा सुटत गेल्या, रात्री शिवारात पुकपुक सुरू झाली. पोरसवदा मिस्त्रीमामा बांधावर झोपून आवाजावरून सांगायचे, हे पाटलांचं, हे गुरवांचं, आणि गुरवांच्या इंजिनाला आज पाणी कमी पडतंय. एकच सिलिंडर, दोष लपायला जागा नसायची. "चार सिलिंडरात तीन कष्टाळू आसत्यात, चौथं ऐतखाऊ. कळाय येळ लागतो."

आजी ओट्यावरून ऐकत होती. इंजिनाची गोष्ट निघाली की तिला नांगर आठवतो. आमचं गाव किर्लोस्करवाडीपासून दोन-तीन कोसांवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली कारखाना कुंडलच्या माळावर आला तरी आजीच्या आजेसासूबाई लाकडी नांगराच्याच बाजूच्या. घरात पहिला लोखंडी नांगर आला तेव्हा त्यांनी त्या वावराची जोंधळ्याची भाकरी वर्षभर खाल्ली नाही म्हणे. आजी हे सांगताना हसते, पण १९७१ साली दारात ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं स्वतः काय केलं ते सांगत नाही. ते मिस्त्रीमामा सांगतात : मागचं चाक बघून बाई तुळशीआड गेली.

ट्रॅक्टर 'इंटरनॅशनल', बी-२७५. मूळ बनावट इंग्लंडातली. महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली इथं कंपनी काढली आणि १९६५पासून तो मुंबईत तयार होऊ लागला. साधारण पस्तीस अश्वशक्ती. त्या काळी ट्रॅक्टर पैसे असूनही मिळत नसे. मागणी इतकी की १९७१ साली सरकारनं वाटपावर आणि विक्रीवरच नियंत्रण आणलं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, भूविकास बँकेकडं चार एकर गहाण टाकले आणि नंबर लागायची वाट बघत बसले. आजीच्या हिशेबात तो ट्रॅक्टर कायम 'चार एकर' होता. "चार एकर पावसात भिजतंय, आत घ्या," असं म्हणायची.

वीज पहिली. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीला धरलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि भाच्याला सेल मारायला सांगितलं. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तो अडीचवर गेला. बॅटरीची ताकद वाटेतच सांडत होती. अर्थिंगचा बोल्ट सोडला तर खाली लालभडक, गुळगुळीत रंग. रंगाचं कोडं आजीनं बसल्या जागी सोडवलं. शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी बेंदूर सुना जाणार म्हणून आबांनी ट्रॅक्टरच रंगवून घेतला होता. स्टेअरिंगला गोंडे, रेडिएटरला बाशिंग. पुरणपोळीचा घास बोनेटवर ठेवला होता. सगळं सोडवून रंगवायचं आणि पुन्हा कसायचं, त्यात बोल्टाच्या बुडाशी रंग राहिला. कानशीनं घासून लोखंड पांढरं केलं तसा सेल जोमानं फिरला. खडूची पहिली ओळ पुसली.

धुराला दोन कारणं निघाली. हीटर प्लग या इंजिनात गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले, एक गेला की सगळे थंड. तसं होऊ नये म्हणून कुणीतरी गेलेल्या प्लगला तांब्याच्या तारेनं वळसा घातला होता. मग उरलेल्या तिघांच्या वाट्याला जास्त वीज, आणि कालांतरानं त्यातला एक जळाला. मिस्त्रीमामांनी तारेचा पीळ निरखला. "डावा पीळ हाय. म्हंजे माजंच पाप." पैसे नव्हते, ऊस आडवा पडला होता, उद्यापुरतं म्हणून केलं. उद्या कधी आलाच नाही.

दुसरं कारण वरच्या पाण्याच्या नळीखालच्या घरात होतं. तिथं थर्मोस्टॅट असायला हवा. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत ही झडप वाट अडवून धरते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. घर उघडलं तर रिकामं.

"त्ये बाहत्तरच्या दुष्काळात गेलं," आजी म्हणाली.

आमच्या गावाला कृष्णेचा आधार होता. वर, विट्याकडच्या माळाला काही नव्हतं. लोक खडी फोडायला जात, सुकडीवर दिवस काढत. १९७३च्या उन्हाळ्यात आबा ट्रॉलीवर टाकी बांधून नदीचं पाणी वर नेत. खालून वर सलग चढ, मागं पाण्याचं वजन, समोर ऊन. रेडिएटर उकळायचा. त्यात पाणी ओतायचं तर मागच्या टाकीतूनच काढायला हवं, आणि आबा ते काढू देईनात. ते पाणी मोजून दिलेलं, बायका घागरी मांडून रांगेत बसलेल्या. एकदा घाटात इंजिन थांबवून दोन तास निवत बसले, पण मागचा नळ सोडला नाही. ती गोष्ट आमच्या घरात आबांच्या सचोटीची म्हणून सांगतात. मिस्त्रीमामा तिची दुसरी बाजू सांगतात : आठवडाभरानं आबांनी थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायला लावला, पाणी मोकळं फिरू दे म्हणून. त्या उन्हाळ्यात ते चाललं. त्यानंतरच्या पन्नास हिवाळ्यांत इंजिन कधी नीट तापलंच नाही. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. दुष्काळ संपला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. (हे वाक्य माझं, मिस्त्रीमामा म्हणाले, "नवं आनायचं राहूनच गेलं.")

मुकं सिलिंडर सापडायला दहा मिनिटं लागली. इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपची नट अर्धा आटा ढिली करायची. आवाज पडला तर ते सिलिंडर काम करतंय. तिसऱ्याची नट सोडली, इंजिनाला पत्ताच नाही. नोजल तासगावला पाठवून तपासून आणली. लिफ्टच्या हिसक्यांचं पुराण मी इथं सांगत बसत नाही. चोथ्यानं भरलेली जाळी, जुनं तेल आणि अर्ध्या गावाचे सल्ले, एवढंच त्यात होतं.

राहिली शेवटची ओळ : मरतो. आणि तिच्या शेजारी भाच्यानं हळूच लिहिलेलं, 'एअर'.

एअर खरोखरच होती. फिल्टरवरचा स्क्रू सोडून हातपंप मारला की सोड्यासारखा फेस यायचा. डिझेलच्या नळीचे जोड म्हणजे तात्यांच्या आयुष्याची वही : साबण, सुतळी, सायकलची ट्यूब, एम-सील. जोड इतक्यांदा सोडून इतके जोरात आवळलेले की तांब्याच्या चकत्या चिरल्या होत्या आणि आटे घसरले होते. मिस्त्रीमामांनी डबा वर टांगला आणि नळी थेट पंपाला दिली. "सलाइन लावू." सलाइनवर ट्रॅक्टर तासभर एकसुरी चालला. म्हणजे पंप ठीक, दोष त्याच्या अलीकडं. नव्या चकत्या, नवी नळी, टाकी परत जोडली. पहिल्या सेलला चालू. आजीनं तांब्याभर पाणी चाकावर ओवाळून टाकलं.

तळ्याकडच्या वावरात वीस मिनिटं नांगर चालला आणि ट्रॅक्टर मेला.

आजी बांधावरून ओरडली, "डिझेल!" टाकी अर्धी भरलेली होती. मी स्क्रू सोडला, फेसाची वाट बघत. फेस नाही. काहीच नाही, कोरडं. मिस्त्रीमामा खाली वाकले, बराच वेळ नुसते बघत राहिले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "तात्या खरं बोलत हुता. आन् वैनीबी."

टाकीच्या तोंडाशी काहीतरी बसत होतं. इंजिन ओढ घेतं तसं ते भोकावर ओढलं जाई. बंद पडलं की दहा मिनिटांत सुटून तरंगायचं आणि ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालू व्हायचा. तोंड बंद झालं की पंप रिकाम्या नळीतून ओढायचा आणि चिरलेल्या चकत्यांतून हवा घ्यायचा. तात्यांना फेस दिसायचा. ते एअर काढायचे, जोड आणखी आवळायचे, चकती आणखी चिरायची. तेवढ्यात अडथळा आपोआप सुटलेला असायचा. एअर काढल्यानंच चालू झाला, असं त्यांना दर वेळी वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. चकत्या धड झाल्या म्हणून तर आज फेस आला नाही.

भाच्यानं वाकवलेली तार टाकीत फिरवली. तिसऱ्या खेपेला बोटभर जाडीचा काळा बोळा वर आला. पिळल्यावर उलगडला : वीतभर चिंधी, काठाच्या घडीत अजून हिरवा रंग.

आजीनं ती हातात घेतली आणि अंगठ्यानं काठ चाचपला. वरातीच्या आदल्या पावसाळ्यात टाकीचं टोपण हरवलं होतं. टाकीत पाणी जाईल म्हणून तिनं जुन्या लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला होता. पुढं तात्यांनी नवीन टोपण आणून बसवलं. बोळा कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

"वैनी," मिस्त्रीमामा म्हणाले, "पोराला जलमभर बोल लावला तुम्ही."

आजी बराच वेळ वावराकडं बघत राहिली. नांगरलेल्या चार तासांवर बगळे उतरले होते.

"टोपान त्यानंच हरीवलं हुतं की," ती म्हणाली, आणि चिंधी घेऊन धुण्याच्या दगडाकडं गेली. साबण मागितला.