तळटीप १४ : फोवीची कवटी

१४. मजकुरात उल्लेखलेली कवटी ती हीच. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूर या ओसाड माळावर मोठं काळं मांजर वावरतं, अशी वदंता होती. ब्रिटिश कृषिमंत्रालयाने १९९५ मध्ये चौकशी करून तसा खात्रीलायक पुरावा नसल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात फोवी नदीत एका मुलाला सुळे शाबूत असलेली कवटी सापडली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ती कोवळ्या नर बिबट्याचीच ठरवली. म्हणजे प्राणी बरोबर ओळखला होता. फसगत झाली ती त्याला तिथला रहिवासी मानण्यात. कवटीचा मागचा भाग कापलेला होता, मुंडक्यासकट कातड्याचा गालिचा करताना कापतात तसा. हाडावर सुरीचे बारीक ओरखडे होते आणि आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाची अंड्यांची पिशवी. कुणाचा पाळीव बिबट्या निसटून माळावर मेला असेल, असं म्हणावं तर ही पिशवी आडवी येते: ते झुरळ ब्रिटनच्या थंडीत रानात आढळत नाही. कवटी परदेशातून गालिच्याबरोबर आली, असाच निष्कर्ष निघाला. माळावर असं जनावर नाहीच, हे यावरून सिद्ध होत नाही, मंत्रालयानेही तसा दावा केला नव्हता. ही कवटी मात्र पुराव्यातून बाद.